लेन्स बदलू की वेळ बदलू? पक्ष्यांचे फोटो आणि सूर्याचा उजेड

साताऱ्याहून एकाने विचारलंय की माझ्याकडे १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे, बॉडीपण बरी आहे, दोन वर्षं झाली काढतोय, तरी बगळे पांढरे फटक येतात, कोतवाल म्हणजे नुसता काळा ठिपका, उडणारी घार खालून काळी, आणि भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, खास गाडी करून गेलो तर रोहित (फ्लेमिंगो) फिके नि धुरकट आले. तर आता मोठी प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेऊ का, की फ्लॅश लावून बघू?

दोन्ही नको. तुम्ही सोबत दिलेले चार फोटो बघितले, चारही सकाळी अकरा ते दुपारी अडीचच्या मधले आहेत, आणि घोळ तिथेच आहे. कित्येक लाखांची लेन्स लावून त्याच वेळी तिथेच उभे राहिलात तर हाच फोटो येईल, फक्त जरा जास्त शार्प आणि खिसा रिकामा. मी स्वतः हे करून बसलोय म्हणून सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी पहिल्यांदा भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो तेव्हा आरामात नाश्ता वगैरे करून साडेअकराला होडीत बसलो, आणि होडीवाले दादा म्हणाले, साहेब या वेळेला पक्षीपण डुलक्या काढतात, तुम्ही कशाला आलात? मला वाटलं गंमत करतायत. घरी येऊन कार्ड उघडलं तेव्हा कळलं की गंमत नव्हती.

तर आधी सूर्याचं गणित, कारण आपल्याकडे ते ऋतूप्रमाणे खूप बदलतं आणि बाहेरचे व्हिडिओ बघून ते कळत नाही. पुण्याच्या आसपास मे महिन्याच्या मध्यात सूर्य दुपारी अक्षरशः डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस म्हणतात ना, तोच. सकाळी सहाला उगवतो आणि आठ वाजताच क्षितिजापासून २५-२६ अंश वर गेलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र तो सातनंतर उगवतो, तेवढ्याच उंचीवर यायला त्याला सव्वानऊ-साडेनऊ होतात आणि भर दुपारीसुद्धा ४८ अंशांच्या वर फारसा जात नाही. म्हणजे थंडीत तुम्हाला सकाळचे दोन-अडीच तास चांगला तिरपा उजेड मिळतो आणि दुपारी चारनंतर परत मिळतो. मेमध्ये आठ वाजले की दुकान बंद. माझा साधा नियम, आपली सावली आपल्या उंचीच्या दुप्पट किंवा जास्त लांब पडत असेल तोवर काढायचं. सावली आपल्याएवढी झाली की कॅमेरा खाली आणि चहा.

तिरप्या उजेडात एवढं काय असतं? एक तर सूर्य खाली असताना त्याच्या उजेडाला हवेतून खूप लांबून यावं लागतं, वाटेत निळा भाग विखुरला जातो, आपल्यापर्यंत पिवळट-केशरी मऊ उजेड पोचतो, हे शाळेत शिकलेलं. पण पक्ष्यांसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजेड बाजूने येतो. डोक्यावरून उजेड आला की पक्ष्याची पाठ चमकते, पोट काळं, डोळा भुवईच्या सावलीत. डोळ्यात चमक नसली की जिवंत पक्षीपण पेंढा भरलेला वाटतो. खाली उतरलेला सूर्य थेट डोळ्यात ठिणगी टाकतो, आणि ती ठिणगी कुठल्याच लेन्सबरोबर डब्यात मिळत नाही.

तुमच्या घारीचं उत्तरपण हेच आहे. घार तुमच्या वर, सूर्य तिच्या वर, मग तिची खालची बाजू उजळणार कशाने? तुम्ही एक्स्पोजर वाढवलंत की आकाश पांढरं होणार, कमी केलंत की घार काळी. ती सूर्य मावळायच्या आधीच्या तासाभरात काढा, सूर्य पाठीशी ठेवून. उजेड तिच्या पंखाखाली शिरतो आणि घारीत कधी न दिसलेला तांबूस रंग दिसतो. दुपारीच काढायची असेल तर खालून उजेड परत फिरवणारं काहीतरी हवं. पाण्यावर अगदी खालून उडणारे सुरय दुपारीपण थोडे बरे येतात ते पाण्याच्या परावर्तनामुळे, काळ्या नांगरटीवरून उडणारी घार नाही येत.

आता दिशा. सुरुवातीला एकच पाळा, आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडली पाहिजे. अगदी नाकासमोर नाही तरी चालेल, थोडी डावी-उजवीकडे असली तर उलट बरं, पिसांचा पोत उठून दिसतो. बहुतेक लोक पक्षी दिसला की दिसला तिथूनच धडाधड काढतात. मी पक्षी दिसला की आधी जमिनीवर बघतो, माझी सावली कुठे आहे. ती चुकीच्या बाजूला असेल तर पक्षी सोडून देतो किंवा लांबून वळसा घालून पलीकडे जातो. वळसा घालताना पक्षी उडतो बऱ्याचदा, उडू दे. वेडा राघू तर हमखास त्याच तारेवर किंवा त्याच काटकीवर परत येतो, म्हणून शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही. काटकी हेरायची, सूर्य पाठीशी घेऊन बसायचं, आणि तो माशी पकडून परत यायची वाट बघायची.

यात वाऱ्याचापण हात असतो, हे मला फार उशिरा कळलं. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे करतात, फांदीवर बसलेलेसुद्धा जोराचा वारा असेल तर शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून बसतात. म्हणजे सूर्यही तुमच्या पाठीमागे आणि वाराही पाठीमागून येत असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून, उजळलेला, उतरताना मिळणार. सूर्य मागे पण वारा समोरून, तर दिवसभर शेपट्यांचे फोटो काढून घरी या.

रंगांचं एक वेगळं प्रकरण आहे ते इथेच सांगतो. खंड्याचा निळा, नीलपंखाचा निळा, मोराची मान, शिंजिराचं ते जांभळं झळझळीत डोकं, यात निळा असा रंगपदार्थ नसतोच, पिसांच्या बारीक रचनेमुळे उजेड फुटून तो रंग दिसतो. त्यातही शिंजीर आणि मोर यांचं तर कोनावर अवलंबून, नर शिंजीर सावलीत किंवा सूर्यासमोर कोळशासारखा काळा दिसतो आणि त्याने मान दहा अंश वळवली की पेटतो. त्यामुळे शिंजीर काळा आला म्हणून एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन ओढत बसू नका, तिथे रंग पोचलाच नव्हता. बर्स्ट मारा, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो, आणि मान वळेल ती फ्रेम ठेवा. रोहिताचा गुलाबी मात्र खाण्यातून आलेला, पिसातच मुरलेला, पण तोही दुपारी धुऊन निघाल्यासारखा दिसतो कारण वरून पडलेल्या कडक उजेडाची चकाकी त्याच्यावर चढते.

आता बगळा पांढरा फटक आणि कोतवाल काळा, हा कॅमेऱ्याचा भोळेपणा आहे. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला वाटतं जगात सगळं मधल्या करड्या छटेचं आहे. काळपट पाण्यासमोर छोटासा पांढरा बगळा दिसला की तो म्हणतो, अरे अंधार आहे, आणि उजेड वाढवतो, बगळा जळतो, पिसंच राहत नाहीत. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे १ ते उणे १.७ पर्यंत न्या. कोतवाल तारेवर, मागे उजळ आकाश, कॅमेरा म्हणतो फारच उजेड, आणि कमी करतो, तिथे अधिक १.३ ते अधिक २ द्या, आकाश पांढरं झालं तर होऊ दे. सगळ्यात फसवं म्हणजे पांढरा बगळा उजळ आकाशासमोर, तिथे लोक सवयीने उणे करतात आणि बगळा मळकट सिमेंटच्या रंगाचा येतो, तिथे उलट अधिक लागतं.

पण खरं सांगू का, चांगलं स्वच्छ ऊन असेल तर मी हे सगळं सोडून सरळ मॅन्युअल मोडवर जातो. कारण पक्षी उडाला की मागे आधी झाडी येते, मग डोंगर, मग आकाश, दर सेकंदाला मागचं बदलतं आणि कॅमेरा प्रत्येक वेळी आपलं मत बदलतो. पण पक्ष्यावर पडणारं ऊन तर तेच आहे ना! फिल्मच्या जमान्यातला जुना हिशोब आहे, स्वच्छ उन्हात एफ १६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप) शटर म्हणजे एक भागिले आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), म्हणजे आयएसओ ४०० ला १/४०० सेकंद. त्यावरून एफ ८ ला १/१६००, आणि तुमची लेन्स ६०० ला एफ ६.३ देते तर तिथे साधारण १/२५००. हा आकडा लावून टाका आणि उन्हातल्या गवतावर एक फोटो काढून बघा. बगळा असेल तर त्यावरून पाऊण-एक स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), पाणकावळा किंवा कोतवाल असेल तर अर्धा-पाऊण जास्त. मग मागे काय आहे त्याची पर्वाच करायची नाही. सूर्य अगदी खाली असताना हा हिशोब चालत नाही, उजेड एक-दोन स्टॉपने कमी असतो आणि दर पाच-दहा मिनिटांनी बदलतो, तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघत राहा. कॅमेऱ्यात जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू ठेवा. बगळ्याच्या छातीवर लुकलुक दिसली की शटरचा वेग वाढवा, दुसरं काही विचार करू नका.

आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढा. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा हिशोब) ऑटोवर असला की कॅमेरा सकाळचं सोनं पिवळा दोष समजून पुसून टाकतो. मी डेलाइटवर ठेवून देतो आणि विसरून जातो.

आता भिगवणचा धुरकटपणा. हा लेन्सचा दोष नाही, फोकसचाही नाही, धुळीचाही फारसा नाही, ही झळ आहे. ऊन वाढलं की पाण्यावरची, माळावरची, डांबरी रस्त्यावरची हवा तापून लहरी मारते आणि तुम्ही दीडशे मीटरवरच्या रोहिताकडे त्या लहरींतून बघताय. मोठी लेन्स घेतली तर झळपण मोठी होऊन दिसेल. यावर सेटिंग नाही, सॉफ्टवेअर नाही. अंतर कमी करा किंवा वेळ बदला, तिसरा रस्ता नाही. कडबनवाडीच्या माळावर तर फेब्रुवारीतच साडेनऊ-दहाला झळ सुरू होते, धाविक पक्षी ५० मीटरवर असला तरी पायांची नुसती पाण्यातल्यासारखी थरथर. आणि एक गंमत, ही झळ थंडीतपण होते. पहाटे थंडीत गाडीतला हीटर चालू ठेवून खिडकीतून लेन्स काढली की काचेपाशी आतली गरम आणि बाहेरची गार हवा मिसळते आणि पहिले वीस मिनिटं एकही फोटो टाचणीसारखा येत नाही. हीटर बंद, काचा खाली, पाच मिनिटं कुडकुडायचं, मग काढायचं.

होडीत बसल्यावर उभं राहू नका, हे सुरक्षेसाठी तर आहेच पण फोटोसाठीही. जितके खाली बसाल तितकं रोहिताच्या मागचं पाणी लांब जाऊन विरघळतं. लेन्स होडीच्या काठावर बीन बॅगवर, म्हणजे दाणे भरलेल्या पिशवीवर, टेका. (बीन बॅगेत तांदूळ भरा, मी एकदा तूरडाळ भरून कपाटात विसरलो, पावसाळ्यानंतर उघडली तर आत किड्यांची वसाहत.) होडीवाल्या दादांना निघतानाच सांगायचं की थव्याच्या अंगावर घालू नका, सूर्य पाठीशी येईल असं लांबून वळवा आणि बांबूने हळूहळू सरका. त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, पण गिऱ्हाइकं सारखी जवळ घ्या जवळ घ्या करतात म्हणून ते पण घेतात. काहीजण तर उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून थवा उठवायला लावतात. हे करू नका. उन्हाळ्यात लांब जायचं असतं त्यांना, खाऊन चरबी करायची असते आणि आपण दिवसातून दहा वेळा उठवतोय.

ठाणे खाडीत रोहित बघणार असाल तर तिथे सूर्याबरोबर भरतीचाही हिशोब लागतो. पाणी पुरेसं असल्याशिवाय ऐरोलीहून होडी निघत नाही, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे भरती आणि सकाळचा उजेड जुळणारे दिवस पंधरवड्यात थोडेच. कॅलेंडर घेऊन आधी ते दिवस शोधा, मग सुट्टी टाका. लोक उलटं करतात, रविवार बघून जातात.

जंगलात सगळंच वेगळं. सिंहगडच्या पायथ्याच्या झाडीत उन्हाळ्यात पाणवठ्यावर स्वर्गीय नर्तक येतो, नर पांढराशुभ्र, लांब फितीसारखी शेपटी, आणि मागे गडद सावली. इथे आयएसओ ३२०० बिनधास्त लावा, १/२५० ला बसलेला पक्षी येतो, नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) आजकाल सॉफ्टवेअरमध्ये जातो पण हललेला फोटो कशानेच जात नाही. उणे एक तरी कॉम्पेन्सेशन. आणि पानांतून पडणाऱ्या उन्हाच्या कवडशांपासून सावध, पक्षी अर्धा कवडशात अर्धा सावलीत असेल तर तो फोटो वाचत नाही. पूर्ण सावलीत असलेला घ्या, किंवा कवडसा जिथे सरकतोय तिथे फोकस लावून वाट बघा, कधीतरी नर्तक बरोबर त्यात येऊन बसतो आणि मागचं सगळं काळं, अशी फ्रेम वर्षात एखादी मिळते.

आणि ढगाळ हवा वाईट समजू नका. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्यांची मला गंमत वाटते. ढग म्हणजे आकाशभर पसरलेला पांढरा पडदाच, सावल्या मऊ, बगळ्याच्या पिसान् पिसाचा तपशील मिळतो, दिवसभर काढता येतं, नियम फक्त एक, मागे आकाश घ्यायचं नाही, कारण ते पांढरं कागदासारखं येतं. विहिरीवर लोंबणाऱ्या बाभळीवर सुगरणीची घरटी असतात ना, तिथे काठाच्या उंच बाजूला जाऊन मागे विहीर किंवा हिरवं शेत येईल असं बघा. त्याच दिवसात सगळीकडे हिरवं, हवेत धूळ नाही, झळ नाही, आणि पिवळा नर सुगरण त्यात असा उठून दिसतो की बस.

सूर्यासमोर काढायचंच नाही असं नाही हं. आधी पाठीशी घेऊन वर्षभर काढा, मग मुद्दाम समोर घ्या. ज्वारीच्या कणसांवर संध्याकाळी मुनिया बसतात, सूर्य त्यांच्या मागे, त्याच्यामागे सावलीतला डोंगर, तर कणसाची कुसळं आणि पक्ष्याची कड दोन्ही पेटतात. यात महत्त्वाचा तो काळा डोंगर, मागे उजळ आकाश असेल तर कड दिसणारच नाही. किंवा मग पूर्ण सावलीचित्र करायचं असेल तर उलट, मागे फक्त केशरी आकाश नि पाणी, आणि पक्षी बाजूने दिसला पाहिजे, चित्रबलाकाची चोच, शेकाट्याचे पाय, आकार वाचता आला पाहिजे. समोरून बघणारा बगळा सावलीचित्रात खांबासारखा दिसतो.

फ्लॅशचं विचारलंत. मी वापरत नाही, मोठ्या टेलीने लांबून मारलेला फ्लॅश तसाही सपाट दिसतो, आणि घरट्यावर तर अजिबात नको. पण फ्लॅश न लावताही उजेडाच्या हव्यासापायी काय होतं ते सांगतो. एका ओळखीच्या जागी सुभग पक्ष्याचं घरटं होतं, पानांच्या आडोशाला, अंधारातच असतं ते. कुणीतरी समोरच्या चार डहाळ्या मोडून ‘लाइट’ केला. फोटो छान आले असतील. मी दोन दिवसांनी गेलो तर घरटं रिकामं, आणि वरच्या फांदीवर कावळ्यांची जोडी. ती पानं म्हणजे त्या पिलांचं छप्पर होतं, उन्हापासूनही आणि कावळ्यापासूनही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणं हे शिकारीतच धरलंय, पण कायदा जाऊ दे, मी तेव्हापासून घरट्याचे फोटो काढणंच सोडलं. सुगरणीचं लांबून चालतं, ती स्वतःच उघड्यावर टांगते.

तर तुमच्यासाठी, लेन्सचे पैसे ठेवून द्या. या आठवड्यात कुठेही लांब जाऊ नका, घराजवळच्या ओढ्यावर किंवा तळ्यावर एकच बगळा किंवा वंचक धरा आणि त्याचे सकाळी सातला, नऊला, बाराला आणि संध्याकाळी साडेपाचला फोटो काढा, त्याच सेटिंगने नाही, त्या त्या उजेडाप्रमाणे. चारही शेजारी शेजारी ठेवून बघा. मग जानेवारीत कुंभारगावला परत जा, होडीवाल्यांना आदल्या संध्याकाळी फोन करून पहिली फेरी सांगून ठेवा, उजाडायच्या आधी काठावर पोचा. धुकं असेल तर चिडू नका, होडीत बसून राहा, ते साडेसात-आठच्या सुमाराला उठायला लागतं आणि त्यातून रोहित एकेक करून दिसायला लागतात, तेव्हा अधिक पाऊण-एक कॉम्पेन्सेशन, फोकस हाताने, आणि कानटोपी विसरू नका, पाण्यावर गारठा फार असतो.